बोरतळीची कुस्ती कुणी मारली?

उदगीरच्या रत्नम्मा बाईंनी उभ्या जन्मात एकही कुस्ती पाहिली नव्हती आणि पैलवानांवर पाच पुस्तकं लिहिली होती. कुणी टोकलंच तर त्या म्हणायच्या, "समुद्र तरी कुठं बघितलाय मी? दरसाल चौथीला समुद्राचा धडा शिकवतेच की." आपल्याकडं बायका कुस्तीच्या फडाकडं फिरकत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं पुढं कुणी काही विचारतही नसे.

मग पुस्तकांत एवढे डावपेच यायचे कुठून? तर ते यायचे शंकरप्पांकडून. शंकरप्पा म्हणजे बाईंचे यजमान. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक जत्रेत ते पाल ठोकून पितळी घागरी विकायला बसायचे. जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. शंकरप्पा घरी आले की हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून जेवायला बसायचे आणि जेवताजेवता कुस्ती सांगायचे. सांगून भागलं नाही तर उठून उशीलाच ढाक डाव लावायचे. एका आषाढात त्यांनी उशी अशी काही आपटली की घरभर कापूस झाला. बाई तो कापूस वेचत होत्या आणि मधेच थांबून वहीत लिहून घेत होत्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते बहात्तरच्या दुष्काळात. वर्गात अठ्ठेचाळीस नावं आणि हजेरीला अकरा लेकरं. बाकीची आयांच्या मागं खडी फोडायच्या कामावर. जी यायची ती शाळेत खायला सुकडी मिळते म्हणून यायची, आणि पुस्तक उघडलं की जांभया द्यायची. अशात एके दिवशी बाईंनी पाहिलं, की धड्यातली एक ओळ ज्यांना सरळ वाचता येत नाही, ती चार पोरं शाळेच्या भिंतीवर चिकटवलेली कुस्त्यांची जाहिरात बोट फिरवून फिरवून वाचतायत. 'चां-दी-चं क-डं.' बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या उन्हाळ्यात त्यांनी पहिलं सोळा पानी पुस्तक लिहिलं, मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं टाळून. लातूरच्या गुरुपादप्पांनी आपल्या छापखान्यात ते छापलं. पोरांनी त्याच्या चिंध्या होईस्तोवर वाचलं.

बाईंच्या पुस्तकांचा एक नियम होता. शेवटच्या पानावर कुणीतरी जिंकायचं आणि कुणीतरी हरायचं. "लेकरांना गोलमाल चालत नाही," असं त्यांचं म्हणणं. "कोण जिंकलं, असं विचारल्यावर मोठी माणसं चार गोष्टी सांगतात. लेकरू म्हणतं, ते राहू द्या, जिंकलं कोण?"

तर अशा या बाई. आता बोरतळीच्या कुस्तीचं ऐका.

बोरतळी हे उदगीरपासून एसटीनं तासाभरावरचं गाव. तिथल्या महादेवाची जत्रा चैत्रात भरते. दुष्काळातल्या त्या चैत्रातही ती भरली. शेवटची कुस्ती होती गावचे अण्णाराव आणि कंधारकडचा कोणी भुजंग यांची. शंकरप्पा त्या दिवशी पाल सोडून उठू शकले नाहीत, कारण दुष्काळात लोक घागरी विकत घेत नव्हते, उलट मोडीत द्यायला आणत होते आणि त्यांची रांग हटत नव्हती. त्यांनी कुस्ती पाहिली नाही, वरात पाहिली. अण्णाराव लोकांच्या खांद्यावर, गळ्यात हार, हातात चांदीचं कडं, पुढं हलगी. घरी येऊन त्यांनी तेवढंच सांगितलं.

"म्हणजे अण्णाराव जिंकले," बाई म्हणाल्या.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? कडं होतं की हातात."

"डाव कोणता टाकला?"

शंकरप्पांच्या तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, "कलाजंग लिही. ऐकायला बरं वाटतं."

बाईंनी कलाजंग लिहिलं. 'अण्णारावांनी कलाजंग डाव टाकून भुजंगाला आस्मान दाखवले.' पंच्याहत्तर साली हे पुस्तक निघालं आणि पाचांमध्ये तेच सगळ्यात जास्त खपलं. उपाशी गावाचा उपाशी मल्ल, रेशनच्या लाल मिलोची भाकर खाऊन जिंकतो, ही गोष्ट पोरांच्या काळजाला भिडली. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण पोरांनी ओरपला.

मग ब्याऐंशीचा पंधरा ऑगस्ट आला आणि लातूर जिल्हा झाला. उदगीरची एक गंमतच आहे. आधी बिदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं, आता लातुरात आलं. बाईंचं घर तिथंच, दार तेच, दारातली तुळसही तीच, पत्त्यावरचा जिल्हा तेवढा तिसरा. लातुरात पेढे वाटले गेले आणि गुरुपादप्पांचं पत्र आलं: 'बाई, आता आपल्या जिल्ह्याच्या लेकरांसाठी आपल्या जिल्ह्याचे मल्ल, असं एक जाड पुस्तक काढू. तुमचे पाची घ्या.'

बाई पाची पुस्तकं घेऊन बसल्या आणि त्यांचं डोकं गरगरायला लागलं. एक मल्ल तुळजापूरचा, तो उस्मानाबादेत राहिला. दुसरा उमरग्याचा, तोही तिकडंच. तिसरा देगलूरचा, म्हणजे नांदेड जिल्हा. चौथा भालकीकडचा, त्याला तर राज्यच दुसरं. कालपर्यंत कुणी जिल्हा विचारत नव्हतं, सगळे आपले होते, रात्रीत परके झाले. उरले एक अण्णाराव.

"एवढा मोठा जिल्हा केला आणि पैलवान एकच ठेवला," शंकरप्पा म्हणाले.

"चेष्टा पुरे. एक तर एक. त्यांच्यावरच पहिला धडा घालते, बाकीचे मग शोधू."

धडा लिहून झाला. दिवाळीनंतरच्या रविवारी तो लातूरला पाठवायचा म्हणून बाई त्याला दोरा घालत होत्या, तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, मान खांद्यात रुतलेली, कान चुरगळलेले. हातात बाईंचंच पुस्तक होतं आणि ते त्यानं उलटं धरलं होतं, त्यावरून बाईंनी ओळखलं की याला वाचता येत नाही.

"पैलवानाची पुस्तकं ल्याहणाऱ्या बाई तुमीच का?"

"हो. या. कुठून आलात?"

"कंधारहून. मी भुजंग." तो उंबऱ्याच्या आत आला, पण बसला नाही. "ह्या पुस्तकातला."

बाईंना आधी काही सुधरेना. आपल्या पुस्तकातलं माणूस असं दार वाजवून घरात येईल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांनी पाणी दिलं. पाणी पिऊन भुजंग म्हणाला, "बाई, ती कुस्ती मी मारली व्हती."

"अहो, पण कडं..."

"कडं त्याला दिलं. माती त्याच्या पाठीला लागली व्हती. समद्या फडानं बघितलं. मी हात वर केला, तं कुणी माझ्याकडं बघंना. त्यालाच खांद्यावर घेतलं. म्या म्हनलं, परका गडी म्हणून लुबाडलं मला. तसाच चालत निघालो. कंधार गाठस्तोवर पायाला फोड आले." तो थांबला. राग संपला आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "त्याचं काय न्हाई. मोंढ्यात पोती वाहतो, पोट भरतं. पण पोरगी हाय माझी, सिंधु. चौथीत हाय. तिला बारकी असल्यापासून सांगत आलो, की तुझ्या बापानं बोरतळीला अण्णारावासारखा गडी पाडला. साऱ्या गल्लीला सांगायची ती. आन् शाळेत पैला नंबर आला म्हणून गुरुजीनं तिला हे पुस्तक दिलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"घरी आली आन् मला वाचून दाखवलं. एकदा वाचलं. मंग म्हणली, बाबा, तुमी तं म्हणला व्हता. तवापासून बोलत न्हाई माझ्याशी. ताट वाढती, पाणी देती, पण बोलत न्हाई. म्या म्हनलं पुस्तक खोटं हाय, तं म्हणली, पुस्तक कसं खोटं आसंल?" त्यानं पुस्तक बाईंपुढं धरलं. "मला कडं नगं, काय नगं. पोरीला खरं कळू द्या, बास."

शंकरप्पा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले आणि खाली मान घालून म्हणाले, "मी पाल सोडून गेलोच नव्हतो. मी नुसती वरात बघितली." नवरा-बायको दोघांनाही लाज वाटली, आणि ती बराच वेळ गेली नाही.

दुसऱ्या रविवारी दोघं बोरतळीला गेली. अण्णाराव पारावर बसले होते. पन्नाशीचा उंच माणूस, पांढरा फेटा, हातात तेच कडं. भोवती गावातले पाच-सात जण. बाईंना पाहून सगळे उठले, कारण पुस्तकामुळं गावाचं नाव झालं होतं. बाईंनी चहा होऊ दिला आणि मग सरळच विचारलं, "अण्णा, त्या दुष्काळातल्या कुस्तीत पाठ कुणाची टेकली?"

"माझी," अण्णाराव म्हणाले.

बाईंनी बशी खाली ठेवली. "मग कडं तुम्हाला कसं?"

पारावरचे सगळे हसले. लेकरानं भलतंच विचारल्यावर मोठी माणसं हसतात, तसे. एक म्हातारा म्हणाला, "बाई, पावसाच्या सालात जो पाडंल त्याला कडं. दुष्काळाच्या सालात गावचा गडी पाठ देतो. तापलेल्या मातीला पाठ टेकवायची, महादेवाला म्हणायचं, बघ, आमी पडलो, आता तू पड. मंग पाऊस येतो. कडं पाठ देणाऱ्याचं. आमच्या बापजाद्यांपासून हाय हे. तुमाला ठावं न्हवतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"अण्णारावानं पाठ दिली आन् मिरगाला पाऊस आला का न्हाई? म्हणून तं जत्रंचा मानाचा नारळ आजून त्यांच्याच हातानं फुटतो. पाडाय काय, कुणीबी पाडंल. एवढा नावाजलेला गडी आपणहून पडतो, त्याला काळीज लागतं."

आता बघा कसं झालं. बाई आल्या होत्या एक चूक दुरुस्त करायला, आणि आगीतून फुफाट्यात पडल्या. भुजंग म्हणतो मी पाडलं. गाव म्हणतं हा आपणहून पडला. पाडलं असेल तर अण्णारावांचा मान पोकळ. आपणहून पडले असतील तर भुजंगाची कुस्ती ती कुस्तीच नव्हे. आणि लेकराला काय सांगायचं? लेकरू विचारणार, जिंकलं कोण? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंना पहिल्यांदा वाटलं, की आपण कुस्तीऐवजी पालेभाज्यांवर पुस्तकं लिहायला हवी होती.

त्यांनी पारावरच सगळं सांगून टाकलं. भुजंग घरी आला होता, त्याची पोरगी त्याच्याशी बोलत नाही, तो बापडा गावचा रिवाज न कळताच खेळून गेला. ऐकताना पारावरचे लोक च्-च् करत होते. अण्णाराव मात्र कडं मनगटावर फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोरगी केवढी हाय?"

"दहा वर्षांची."

"मी येतो कंधारला."

पुढच्या आठवड्यात बाई, शंकरप्पा आणि अण्णाराव कंधारच्या एसटीत बसले. वाटेत शंकरप्पांनी अण्णारावांना दोनदा विचारलं, की तिथं जाऊन काय सांगणार? दोन्ही वेळा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाईंना एकच धास्ती होती. हा माणूस तिथं जाऊन 'मी आपणहून पडलो' म्हणाला, तर त्या पोरीच्या मनात बापाचं उरलंसुरलंही संपणार होतं, आणि ते आपल्यामुळं, हे त्यांना कळत होतं.

भुजंगाचं घर किल्ल्याच्या बाजूला होतं, दोन खणांचं. सिंधु दारातच तांदूळ निवडत बसली होती. दोन वेण्या, बारीक चेहरा, नजर धीट. भुजंगानं अण्णारावांना पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. दोघांनी नमस्कार केला नाही आणि हातही मिळवला नाही. नऊ-साडेनऊ वर्षांनी ते एकमेकांपुढं आले होते, आणि दोघांचेही खांदे आपोआप पुढं झुकले, हे बाईंनी पाहिलं.

अण्णाराव पोरीसमोर खाली बसले. "तू सिंधु का?"

"हाव."

"मी अण्णाराव. पुस्तकातला. बाळ, पुस्तकात चूक हाय. कुस्ती तुझ्या बापानं मारली."

सिंधुनं सूप खाली ठेवलं. तिनं बाईंकडं पाहिलं, जणू पुस्तकानंच आता खरं-खोटं करावं. बाईंनी मान हलवली. "हो गं. मीच चुकीचं लिहिलं. मी तिथं नव्हते."

"पण कडं तं तुमच्या हातात हाय," सिंधु अण्णारावांना म्हणाली.

मग अण्णारावांनी तिला गावचा रिवाज सांगितला, दुष्काळाचा, पाठ देण्याचा. भुजंग हे पहिल्यांदाच ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. नऊ वर्षं तो समजत होता, की आपण जिंकलो आणि आपल्याला लुबाडलं. आता कळत होतं, की लुबाडलं नव्हतं, आणि बहुतेक आपण जिंकलोही नव्हतो. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "म्हंजी तू पडून दिलंस व्हय, अण्णा?"

बाईंना वाटलं, संपलं सगळं.

अण्णाराव त्याच्याकडं वळले नाहीत. पोरीकडंच बघत म्हणाले, "पडायचं म्हणूनच उतरलो व्हतो. गावानं पाठीला हळद लावून धाडलं व्हतं. पण तुझ्या बापानं मानंवर हात टाकला आन् माझं डोकं फिरलं. गाव न्हाई, पाऊस न्हाई, महादेव न्हाई. म्हनलं, ह्या कंधारच्या पोराला पाडायचंच. हुती न्हवती ती समदी ताकद लावली. आन् तरी ह्यानं मला उचलून टाकलं. मी पडलो न्हाई, बाळ. मला पाडलं."

मग सिंधुनं विचारलं, "मंग गावाला का न्हाई सांगितलं?"

अण्णाराव कसनुसं हसले. "कसं सांगू? पाऊस पडला न्हवं का."

सिंधु उठली, आत गेली, तांब्या भरून आणला आणि तो पाहुण्यांना द्यायचा सोडून बापापुढं धरला. "बाबा, पाणी घ्या," ती म्हणाली. तिनं हाक मारलेली ऐकून भुजंगानं तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि त्याचे रुंद खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. बाईंनी पदरानं डोळे टिपले. शंकरप्पांना काही सुचेना, म्हणून ते सुपातले खडे वेचायला लागले.

परतीच्या एसटीत मात्र बाईंच्या डोक्यात पुन्हा भुंगा सुरू झाला. बोरतळीच्या पारावर हा माणूस ताठ बसून म्हणाला, पाठ माझी टेकली, आणि गावानं त्याला काळीजवाला म्हटलं तेव्हा गप्प राहिला. इथं पोरीपुढं म्हणाला, मला पाडलं. यातलं खरं कोणतं? नऊ वर्षं लपवलेलं खरं आज बाहेर आलं, का एका लेकरासाठी या माणसानं आज पुन्हा एकदा पाठ दिली? अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांना राहवेना.

"अण्णा, रागावू नका. मला पुस्तक लिहायचंय म्हणून विचारते. भुजंगाच्या घरी सांगितलंत ते खरं ना?"

अण्णाराव खारे शेंगदाणे सोलत होते. "बाई, तुमच्या पुस्तकात तो कलाजंग कुठनं आला व्हता?"

बाई ओशाळल्या. "मनानंच घातला."

"मंग झालं तर," असं म्हणून त्यांनी ओंजळभर शेंगदाणे बाईंना दिले. थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाले, "पोरीला सांगितलं तसंच छापा. नावानिशी छापा."

"गाव काय म्हणेल?"

"ते माझं मी बघतो."

बाईंनी तसंच छापलं. 'भुजंगाने अण्णारावांना चीत केले. अण्णारावांनी सर्व ताकद लावली होती, पण भुजंग सरस ठरला.' कोणता डाव, ते लिहिलं नाही. भुजंग नांदेड जिल्ह्याचा आहे, मग आपल्या जिल्ह्याच्या मल्लांत तो कसा, असं गुरुपादप्पांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "धडा अण्णारावांचाच आहे. हरलेल्याचा धडा असू नये का?" गुरुपादप्पांना ते पटलं नाही, पण बाईंशी वाद कोण घालणार. पुस्तक फेब्रुवारीत निघालं. लातूरच्या, औशाच्या, निलंग्याच्या शाळांत गेलं. बोरतळीच्या शाळेतही गेलं. बाईंनी स्वतःच्या हातानं एक प्रत बांधून कंधारला पाठवली.

त्या चैत्रात शंकरप्पांना ताप होता, म्हणून ते बोरतळीच्या जत्रेला गेले नाहीत. तिथं काय झालं, हे बाईंना कळलं ते आठवड्याभरानं, एका पोस्टकार्डावरून. अक्षर टपोरं होतं, रेघा मारून त्यावर लिहिलेलं, आणि जागा संपत आली तसं बारीक होत गेलेलं.

'बाईंना सिंधुचा नमस्कार. पुस्तक मिळाले. मी ते बाबांना रोज वाचून दाखवते. त्यांना आता पाठ झाले आहे. यंदा बाबा अण्णाराव काकांना भेटायला बोरतळीच्या जत्रेला गेले होते. तिथे काकांना कोणी पुढे बसवले नाही. लोक म्हणाले, याने पाऊस नको म्हणून जोर लावला, आणि इतकी वर्षे आपल्याला फसवले. नारळ दुसऱ्याने फोडला. काकांच्या हातात कडे नव्हते. गावाने परत घेतले. काका लिंबाखाली एकटे उभे होते. बाबा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. दोघे कुस्त्या संपेपर्यंत तिथेच होते. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, बाईंना लिही. पुढच्या वेळी पुस्तकात असे छापा की अण्णारावांनी गावासाठी आपणहून पाठ दिली आणि भुजंग जिंकला नाही. मी म्हणाले, बाबा, मग सगळे म्हणतील तुम्ही हरलात. बाबा म्हणाले, तुला ठाऊक आहे ना, मग म्हणू दे. बाई, मला ठाऊक आहे. म्हणून तसे छापा.'

रत्नम्मा बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा शंकरप्पांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं, पण निम्म्यावर पत्र त्यांच्याच हातात दिलं. पुढचं शंकरप्पांनी चष्मा लावून मनातल्या मनात वाचलं. मग बाई उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि गुरुपादप्पांना पत्र लिहायला बसल्या, की नवी आवृत्ती निघेल तेव्हा अण्णारावांच्या धड्याचं शेवटचं पान बदलायचं आहे. एवढं त्यांनी भराभर लिहिलं. त्या पानावर काय छापायचं, हे लिहायला मात्र त्यांनी पेन तीनदा उचललं, आणि शेवटी ते पत्र तसंच अर्धं ठेवून त्या शाळेत गेल्या.